चॅलेंजरच्या जांभळ्यावर भुरी

कपाशीवाला, दारव्हा: राजेहो, १९७० च्या डॉज चॅलेंजर गाडीच्या प्लास्टिक मॉडेलचं १:२५ (खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याचं) जोडायचं किट आणलं, वीतभर गाडी. प्लम क्रेझी जांभळा लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) परवा झडीतच मारला, टिनाच्या पडवीत. सकाळी पाहतो तं बॉनेटवर भुरी आल्यावानी पांढुरकं! माय म्हणे, "हे वांगं कायले रंगवलं?" आता सारं खरवडू का?

जुना गॅरेजवाला: खरवडू नका भाऊ. थिनर उडते तसा पत्रा, म्हणजे प्लास्टिक, थंड पडते अन् हवेतली ओल त्यावर बसते. उघाड पडू द्या. मग रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) टाकलेल्या थिनरचा एक पातळ हात मारा, बहुतेक वेळा जाते.

अकोलेकर: अन् मे महिन्यात दुपारी मारू नका. आमच्याकडं ४५ अंशांत रंग हवेतच वाळते, बॉडी पार खरखरीत. मी पहाटेच उरकतो. किट आधी भांड्याच्या साबणानं धुतलं होतं ना?

कपाशीवाला: धुतलं होतं. काल उघाड होती, हात मारला. बॉनेट चकाचक! डाव्या दारावर अजून थोडं हाय. क्रोमच्या बंपरवर मायची बोटं उमटली, ते दुखणं वेगळं.