गुहागरच्या वाडीत कॅम्पर व्हॅनला वीज जोडली की दाराच्या कडीला झिणझिण्या येतात

प्रश्न

नमस्कार. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर व्हॅन करून घेतली असून, मागील आठवड्यात कुंभार्ली घाटाने उतरून गुहागरला चार दिवस मुक्काम केला. एका घरगुती निवासाच्या माडांच्या वाडीत गाडी लावली आणि मालकांच्या परवानगीने पंपघरातील १६ अँपिअरच्या सॉकेटवरून वीज घेतली. दिवे, पंखे, फ्रीज व बॅटरीचा चार्जर व्यवस्थित चालले. मात्र अनवाणी ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची लोखंडी कडी धरली की हाताला झिणझिण्या येत. तेथील वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून देण्याची तयारी दाखवली, पण ते मनाला न पटल्याने मी नको म्हटले. गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे आणि टेस्ट बटण दाबले की ती ट्रिप होते. मग झिणझिण्या का याव्यात? शिवाय विहिरीचे पाणी थेट गाडीला जोडावे का आणि कॅसेट शौचालय (मैल्याची टाकी काढून नेता येणारे) कोठे रिकामे करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

वायरमनला थांबवलेत हे उत्तम केलेत. तशा जोडणीत मागे कोठे न्यूट्रलची तार तुटली, आणि आपल्याकडे झावळी पडून तारा तुटणे काही नवे नाही, तर घरातील चालू उपकरणांमधून फिरून आलेला विजेचा दाब अर्थच्या पिनेवर येतो व गाडीचा सबंध पत्रा जिवंत होतो. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल तोडते, अर्थची तार तोडत नाही; म्हणून ती ट्रिप झाली तरी पत्रा जिवंतच राहील.

झिणझिण्यांचे बहुधा कारण असे, की चार्जरसारख्या उपकरणांत फेज व न्यूट्रलपासून धातूच्या कवचाकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर गाडीचा पत्रा साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतो. प्रवाह थोडा म्हणून जीव वाचला, एवढेच. उद्या गिझरचे एलिमेंट फुटले तर तो थोडा राहणार नाही. आरसीसीबीचे टेस्ट बटण तिच्या आतल्या आत गळती घडवून पाहते, बाहेर अर्थिंग आहे की नाही हे त्यातून कळत नाही. मल्टिमीटरही फसवतो, कारण अर्थची तार गंजून केसाएवढी उरली असली तरी तो फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दाखवू शकतो. खरी स्थिती भार टाकूनच कळते, पण त्या वेळी पंपाचे कवचही जिवंत होऊ शकते, म्हणून ती तपासणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

कोकणात मुळात अडचण जमिनीची आहे. कातळावर अर्थिंगची सळई शिरत नाही आणि उन्हाळ्यात जांभा इतका कोरडा पडतो, की पावसाळ्यात चांगले वाटणारे अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. आपली सळई सोबत ठेवा आणि माडाच्या आळ्यात, जेथे रोज शिंपण होते तेथे, मुळे सांभाळून ठोका. केवळ सळईवर मात्र विसंबू नका: तिचा रोध ५० ओहम धरला तर गळतीचा प्रवाह ४.६ अँपिअरच भरेल आणि १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की वीज तोडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तत्काळ ट्रिप होईल. म्हणून सळई आणि आरसीसीबी दोन्ही हवीत, आणि आरसीसीबी गाडीत असली तरी दुसरी सॉकेटजवळच्या पेटीत ठेवावी, म्हणजे वाडीतून जाणारी वायरही तिच्या संरक्षणाखाली येते.

जोडताना गाडीचा मेन स्विच बंद ठेवून वायर आधी गाडीला व नंतर सॉकेटला लावावी, काढताना उलट. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असावी, आणि ती ड्रमवर गुंडाळलेली असल्यास पूर्ण उलगडावी, अन्यथा आतल्या वेटोळ्यांतील उष्णता कोंडून आवरण वितळते.

प्रतिसाद २ (दिवेआगर)

आम्ही घरी पाहुणे ठेवतो, त्यामुळे पाण्याविषयी लिहिते. शिंपणाचा पंप थेट गाडीच्या नळाला कधीही जोडू नये. त्याच्या दाबाने आतील जोड सुटतात. आमची टाकी जमिनीपासून पाच मीटर उंच आहे, म्हणजे दाब जेमतेम अर्धा बार, आणि गाडीची टाकी भरण्यास तेवढा पुरतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी वैशाखात मचूळ होते, म्हणून ते अंघोळीस व भांड्यांस वापरावे आणि पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे. बागेतील हिरवा पाईप नको. खाद्ययोग्य पाईप स्वतःचा आणावा.

मोरीचे पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या माडालाच सोडत आलो आहोत, त्यामुळे सौम्य साबण असेल तर ते आळ्यात सोडण्यास आमची हरकत नसते. कॅसेट मात्र वाडीत रिकामे करणे केवळ अशक्य, कारण पुळणीच्या जमिनीतून सगळे विहिरीत झिरपते. ते मालकांना विचारून सेप्टिक टँकच्या शौचालयातच ओतावे, आणि त्यात फॉर्मॅल्डिहाइडयुक्त रसायन घालू नये. टँकमधील जिवाणू मरतात आणि त्याचा त्रास पाहुणे गेल्यावर आम्हाला भोगावा लागतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मालकांना दूरध्वनी करून दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करवली. पंपघरातील अर्थची तार झाकणाखाली खाऱ्या हवेने पूर्ण गंजून तुटलेली निघाली. म्हणजे त्यांचा पंपही इतके दिवस अर्थिंगविनाच चालत होता. त्यांनी नवी तार टाकून घेतली आहे.