जपानी ऱ्योकानमधला मुक्काम : आपापले अनुभव लिहा

जपानला जाऊन आलेल्या माणसाने ऱ्योकानचा, म्हणजे तातामीच्या (गवती चटयांच्या) खोल्या, जमिनीवर अंथरलेली गादी, दोन वेळचे जेवण आणि ओन्सेनचे, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचे, स्नान देणाऱ्या पारंपरिक अतिथिगृहाचा विषय काढला, की समोरून दोन प्रश्न हमखास येतात : सगळ्यांसमोर कपडे काढून अंघोळ करावी लागते का, आणि शाकाहारी माणसाने खायचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे खाली येतीलच. माझ्या मते मात्र खरी अडचण तिसरीच असते. यामानाशी प्रांतातील निशियामा ओन्सेनचे केइउनकान हे अतिथिगृह इ. स. ७०५ पासून चालू असल्याचे मानले जाते आणि जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून गिनीजने त्याची नोंद घेतली आहे. इतक्या जुन्या परंपरेत जेवणाची, अंथरुणाची, निघण्याची वेळ ठरलेली असते आणि ती पाहुण्याच्या सोयीने सहसा सरकत नाही. एका दिवसात चार ठिकाणे उरकणाऱ्या आपल्या सहलींना हेच जड जाते. ज्यांनी असा मुक्काम केला आहे, त्यांनी गाव आणि तपशील देऊन लिहावे. 'खूप छान वाटले' एवढ्यावर थांबू नये.

योकोहामाहून

सासूबाई भारतातून आल्या तेव्हा आम्ही त्यांना गुन्मा प्रांतातील कुसात्सूला घेऊन गेलो. त्या अवघडतील अशी मला धास्ती होती. बायकांच्या स्नानगृहाच्या लाल पडद्यामागे कपडे ठेवायला टोपल्या असतात. तिथे सगळे कपडे उतरवायचे, पंचाच्या निम्माही नसलेला टॉवेल हाती घ्यायचा, आत बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, फेसाचा मागमूसही अंगावर ठेवायचा नाही आणि मगच कुंडात उतरायचे. टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नसतो, त्यामुळे बहुतेक जणी त्याची घडी डोक्यावर ठेवतात. मी पडद्याशी घुटमळत असताना सासूबाईच म्हणाल्या, "अगं, इथे कोण कुणाकडे बघतंय? चल आत." त्यांचे माहेर राजापूरकडचे, उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर लहानपणापासून अंघोळी झालेल्या. कुंडात अर्ध्या तासाने त्यांना बाहेर काढण्यासाठी मलाच विनवण्या कराव्या लागल्या, आणि त्या आवश्यक होत्या, कारण बेचाळीस अंशांच्या पाण्यात वयस्कर माणसाला उठताना चक्कर येऊ शकते.

कुसात्सूत गावाच्या मधोमध लाकडी पन्हळींतून पाणी खेळवून निववतात. गार पाणी मिसळले तर झऱ्याच्या पाण्याचा गुण उतरतो, म्हणून लांब फळ्यांनी ते घुसळून निववण्याची 'युमोमी' ही रीत आजही पाहायला मिळते. पाणी अत्यंत आम्लधर्मी, पीएच दोनच्या आसपास असते. डोळ्यांत गेले तर चांगलेच चरचरते. मी जोडवी काढून ठेवली होती, सासूबाईंची मात्र वर्षानुवर्षांची, बोटातून निघेचनात. गंधकाने ती सकाळपर्यंत पार काळी पडली. घरी टूथपेस्टने घासून उजळली, तेव्हाच त्यांचा जीव खाली पडला.

पुण्याहून

आम्ही घरातले सगळे शाकाहारी, अंडेही न खाणारे, त्यामुळे जेवणाबद्दल सविस्तर लिहितो. 'मासे आणि मांस चालत नाही' एवढे कळवणे अपुरे ठरते, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले 'दाशी' हे पाणी बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून केलेले असते आणि ते सूपमध्ये, उकडलेल्या भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे शिरते. कोंबू हे समुद्रशैवाल आणि वाळवलेली शिताके अळिंबी यांचे दाशीही तितकेच परंपरेतले आहे. आरक्षण करतानाच ते मागावे आणि लेखी होकार येईपर्यंत पैसे भरू नयेत. एका ऱ्योकानने आम्हाला सरळ नकार कळवला, त्याचे मला कौतुकच वाटले. दुसऱ्या एका ठिकाणी होकार मिळाला होता, तरी भाजून सोललेल्या वांग्याचा गरम तुकडा आला आणि त्यावर तपकिरी पापुद्रे वाफेने हळूहळू वळवळत होते. मुलीने ताट मागेच सारले. वाढणाऱ्या बाई, ज्यांना तिथे 'नाकाई-सान' म्हणतात, गुडघे टेकून बसल्या, पुन्हा पुन्हा वाकून क्षमा मागत वाटी घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने तेच वांगे नुसत्या आल्याच्या किसासह परत आले. ते पापुद्रे वरून काढून आणले की नव्याने भाजले, हे विचारण्याचा धीर आम्हाला झाला नाही.

भात, मिसो सूप आणि लोणची शेवटी येतात, हेही ध्यानात ठेवावे. आधीच्या आठ-दहा इवल्याशा पदार्थांच्या वेळी 'भात कधी येणार' असे आमच्या वडिलांचे सारखे चालले होते. निर्धास्त शाकाहार हवा असेल तर कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या मंदिरांमधील मुक्कामात 'शोजिन र्‍योरी' हे मठातले शाकाहारी जेवण मिळते. पण तो अनुभव वेगळा, आणि ओन्सेनसाठी कुणी तिकडे जात नाही.

नाशिकहून

आम्ही उभयता निवृत्त असल्यामुळे घाई नव्हती, आणि म्हणूनच ह्योगो प्रांतातील किनोसाकी ओन्सेन आम्हाला मानवले. तिथे ऱ्योकानच्या आतल्या स्नानगृहापेक्षा गावातली सात सार्वजनिक स्नानगृहे महत्त्वाची; मुक्कामी पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो. १९२५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हे गाव उद्ध्वस्त झाले होते. आज विलोवृक्षांच्या रांगांमधून वाहणारा ओढा आणि त्यावरचे दगडी पूल दिसतात, तो सारा पुनर्निर्माणानंतरचा देखावा आहे. संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता हा सुती झगा आणि लाकडी खडावा घालून रस्त्यावर येतात, तेव्हा गाव लग्नघरासारखे वाटते : सगळेच वऱ्हाडी, सगळेच न्हाऊन आलेले. युकात्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची असते. उलटी फक्त मृताला नेसवतात. आमच्या सौभाग्यवतींनी ती सवयीने उलट गुंडाळली, तेव्हा दारातल्या वृद्ध मालकीणबाईंनी काही न बोलता, हसत, आपल्या हाताने सोडून पुन्हा नेसवली.

दिवसाचा क्रम असा : दुपारी तीनला प्रवेश, खोलीत चहा आणि गोड वडी, मग स्नान, सहा-साडेसहाला जेवण, आपण जेवत असताना खोलीत गाद्या घातल्या जाणे, सकाळी पुन्हा स्नान, आठला न्याहारी आणि दहाला निरोप. पुष्कळ ठिकाणी पुरुषांचे आणि बायकांचे स्नानगृह रात्रीतून अदलाबदल होते, म्हणून सकाळी पडद्याचा रंग पाहूनच आत शिरावे. ज्या दिवशी ऱ्योकान, त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये. रात्री नऊला पोहोचून सकाळी सातला निघणाऱ्याने स्टेशनजवळचे साधे हॉटेल घ्यावे, तेच शहाणपणाचे.

सिंगापूरहून

माझ्या दंडावर ओंकार गोंदलेला आहे. बऱ्याच ओन्सेनमध्ये गोंदण चालत नाही, कारण त्याचा संबंध तिथे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो. ते देवाचे आहे की दुसऱ्या कशाचे, याने फरक पडत नाही. लहान असेल तर काही ठिकाणी कातडीच्या रंगाची पट्टी लावून चालते, आणि किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत तर आडकाठीच नाही. संकोच असणाऱ्यांसाठीही सांगतो : 'काशिकिरी' म्हणजे ठरावीक वेळेपुरते आपल्या एकट्या कुटुंबासाठी राखून मिळणारे कुंड पुष्कळ ऱ्योकानांत असते.

टोकियोहून

पैशांचे कुणीच लिहिले नाही. दर खोलीचा नसून माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचे जेवण व न्याहारी धरलेली असते. साधारण बऱ्या ऱ्योकानला माणशी पंधरा ते तीस हजार येन लागतात, शनिवारी अधिक. वर स्नानकर, बहुतेक गावांत माणशी १५० येन. बक्षिसी द्यायची नसते.

मी रसायनाचा माणूस, म्हणून एक आवर्जून : १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी किमान पंचवीस अंश तापमान किंवा ठरवून दिलेल्या एकोणीस घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असेल, तरी ते पाणी ओन्सेन ठरते. म्हणजे थंड पाणी तापवूनही ओन्सेन चालवता येते. कपडे बदलण्याच्या खोलीत पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता टांगलेला असतो, आणि पाणी तापवलेले, साधे पाणी घालून वाढवलेले की फिरवून वापरलेले, हेही २००५ पासून जाहीर करावे लागते. 'गेन्सेन काकेनागाशी' अशी अक्षरे दिसली तर उगमाचे पाणी एकदाच वापरून वाहू दिले जाते. मी दर पाहण्याआधी हेच पाहतो.

गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या आई-वडिलांना नेणार असाल तर तातामीबरोबर पलंगही असलेली खोली मागावी आणि जेवण टेबल-खुर्चीवर मिळेल का, हेही आधी विचारून घ्यावे.