ट्रॅक डेला पडलो तर विमा मिळतो का? (मोटारसायकल, गोव्याहून चेन्नई)

फोंडेकर३१०

नमस्कार मंडळी. पावसाळा सरला की मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर दोन दिवसांचा ट्रॅक डे (पैसे भरून बंदिस्त रेस ट्रॅकवर गाडी चालवायची, शर्यत न लावता) करायचा बेत आहे. गोव्यात आपल्याला ट्रॅक नाही. वागातोरला इंडिया बाइक वीकला वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, पण वळणावर गाडी झुकवून गुडघा टेकवायचा तर घाट चढून बाहेर जाणं आलंच.

गाडी अपाचे आरआर ३१०, तीन वर्षांची. पॅकेज पॉलिसी (गाडीचं स्वतःचं नुकसान आणि थर्ड पार्टी, दोन्ही) चालू आहे, झिरो डेप घेतलंय, आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) १ लाख ९० हजार. घरी आरोग्य विमा ५ लाखांचा. बायकोने एकच विचारलं, "पडलास तर पैसे कोण देणार?" एजंट म्हणतो, "सगळं कव्हर आहे, काळजी करू नका." त्याचं ते 'सगळं' ऐकल्यापासूनच काळजी लागलीय.

शर्यत नाही, बक्षीस नाही, ओव्हरटेकसुद्धा सांगतील तिथेच. मग विमा चालायला काय हरकत? गाडीचं, माझ्या हाडांचं आणि माझ्यामुळे दुसरा कोणी पडला तर त्याचं, असं तिन्हींचं सांगा. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

चोर्ला_रोज

एजंटाला म्हणावं, हेच वाक्य ईमेलवर पाठव. पाठवलं तर मला कळव, त्याची फ्रेम करून दुकानात लावतो.

डिचोलीचा_दादा

बाबा, मी पडलोय, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या सत्रात, थंड टायरवर. कुठला ट्रॅक ते राहू दे, चूक माझीच होती. कॉलरबोन मोडलं, प्लेट बसली. गाडीचं फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण), हँडलबार, फुटपेग, इंजिन कव्हर मिळून ४८ हजारांचं बिल.

गाडीचा क्लेम नाकारला, आणि तो नाकारणार हे मला भरतानाच ठाऊक होतं. आरोग्य विम्याचा मात्र मिळाला, पण सरळ नाही. आधी पत्र आलं, "मोटार रेसिंगमध्ये सहभाग दिसतो, खुलासा करा." इस्पितळाच्या कागदावर डॉक्टरने मोठ्या मनाने 'रेसिंग अॅक्सिडेंट' लिहून ठेवलं होतं! मग आयोजकाकडून पत्र आणलं की हे प्रशिक्षण सत्र होतं, वेळ मोजली नाही, क्रमांक काढले नाहीत. मी गाड्या चालवून पोट भरत नाही, हार्डवेअरचं दुकान चालवतो, म्हणून दुकानाचा परवाना जोडला. सात आठवड्यांनी पैसे आले. तोवर मेव्हण्याकडून उसने घेतलेले.

तेव्हा पहिला धडा असा की, शुद्धीवर असलास तर अपघात कसा झाला ते स्वतः सांग आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचूनच सही कर. 'रेस' हा शब्द दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घे, कारण ती रेस नव्हतीच.

पर्वरीची_विमावाली

चौदा वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पॉलिसीचा जो कागद कोणी वाचत नाही तो काढा. त्यात 'लिमिटेशन्स अॅज टू यूज' असं शीर्षक असेल. खाली लिहिलेलं असतं की गाडी कशासाठीही वापरा, पण भाड्याने देणं, मालवाहतूक, संघटित शर्यत, पेस मेकिंग (दुसऱ्याला वेग धरून देणं), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) आणि मोटार व्यवसायासाठीचा वापर सोडून. हे शब्द जुन्या मोटार टॅरिफमधून (सगळ्या कंपन्यांसाठीच्या सामाईक नियमावलीतून) बहुतेक सगळ्यांच्या पॉलिसीत जसेच्या तसे आलेत. त्यामुळे कंपनी बदलून फारसा फरक पडत नाही.

ट्रॅक डे ही 'संघटित शर्यत' का? माझ्या मते नाही. पण सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) 'वेगचाचणी' या शब्दाला लोंबकळतो आणि तुम्ही लॅप टायमर (फेरीची वेळ मोजणारं यंत्र) लावला असेल तर त्याच्या हातात आयतं कोलीत. संदिग्ध शब्दाचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मानलेलं आहे, हे खरं. पण फेअरिंगच्या ५० हजारांसाठी किती वर्षं तारखा करणार? गाडीचा खर्च आपलाच, हे धरूनच निघा.

झिरो डेपचा इथे संबंध नाही. मान्य झालेल्या क्लेममधून घसारा कापू नये एवढंच त्याचं काम. क्लेमच उभा राहिला नाही तर झिरो डेप कशाला चिकटवणार? मालक-चालकाचं सक्तीचं १५ लाखांचं अपघात कव्हर मोटार पॉलिसीतच असेल तर त्यालाही वापराची हीच मर्यादा लागते.

आता हाडांकडे येऊ. आरोग्य विम्यात नियामकाने (आयआरडीएआयने) अपवादांची भाषा सगळ्यांसाठी सारखी करून टाकली आहे. धोकादायक खेळांचा अपवाद संकेतांक ०९ मध्ये आहे. त्यात मोटार रेसिंग, रॉक क्लाइंबिंग, राफ्टिंग, स्कुबा असं सगळं आहे, पण सुरुवातीला लिहिलंय 'व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे' लागलेला उपचार. दादांचा क्लेम याच एका शब्दावर तरला. तुम्ही हौशी असाल, मोबदला घेत नसाल, तर हा अपवाद तुम्हाला लागू नये. प्रायोजकाचा लोगो लावून पैसे घेत असाल तर गोष्ट वेगळी.

वैयक्तिक अपघात पॉलिसी (हात-पाय गेला, कायमचं अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम देणारी) वेगळ्या साच्याची असते. तिथे 'व्यावसायिक' हा शब्द असेलच असं नाही. काहींमध्ये नुसतं 'रेसिंग' किंवा 'साहसी खेळ' असतं, मग हौशी असा की धंदेवाईक. आयुर्विम्याला जोडलेल्या अपघाती मृत्यूच्या रायडरचंही (म्हणजे जादा कव्हरचंही) तेच. मूळ आयुर्विमा सहसा टिकतो, पण प्रस्तावात 'धोकादायक छंद आहे का' या प्रश्नाला खोटं 'नाही' लिहू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर कंपनी पॉलिसीवर शंका काढू शकत नाही, त्याआधी मात्र काढते.

म्हापसा_ट्विन

एवढं कशाला? गाडी टेम्पोत घालून आणा आणि अनमोड घाटात पडलो म्हणून सांगा. सगळे तेच करतात.

पर्वरीची_विमावाली

सगळे करतात, आणि त्यातले काही पकडले जातात. ट्रॅकवर पडलेल्या गाडीच्या एकाच अंगाला लांबलचक, सरळ ओरखडे असतात. घाटातल्या गाडीला माती, झाडाचा पाला, कठड्याचा रंग लागतो. सर्व्हेअर आंधळा नसतो, शिवाय आयोजकांनी तुमचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो. खोट्या क्लेममुळे फक्त हे बिल जात नाही, पॉलिसीच रद्द होऊ शकते.

चोर्ला_रोज

+१. आणि ट्रॅकसाठी मिरर काढलेली, हेडलाइटवर टेप लावलेली गाडी अनमोडात काय करत होती?

साखळी_टेम्पो

एक गोष्ट कोणी बोललं नाही. माझा टेम्पोचा धंदा आहे, गाड्या चेन्नई-कोइंबतूरला नेतो. नेण्या-आणण्यातलं नुकसान पॅकेज पॉलिसीत बसतं. रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट अशी वाहतुकीतली हानी तिथे स्पष्ट लिहिलेली आहे. पट्टा सुटून गाडी आडवी झाली तर क्लेम होतो, फक्त निघताना चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पॅडॉकमधून (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात त्या जागेतून) गाडी चोरीला गेली तर त्या क्षणी ती ट्रॅकवर चालत नव्हती, हेही मांडता येतं. सरसकट 'ट्रॅक म्हटलं की विमा गेला' असं नाही.

अवांतर: ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची (खासगी) गाडी पैसे देऊन घेऊन जाऊ नका. मग भाडं आणि ट्रॅक असे दोन अपवाद एकदम लागतात.

फोंडेकर३१०

ताई, दादा, देव बरें करूं. तिसरा प्रश्न राहिला. माझ्यामुळे दुसरा पडला तर? आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड आहे, ते चालेल का?

पर्वरीची_विमावाली

थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक जागेसाठी सक्तीचा आहे आणि सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती. कुंपणातला, पैसे भरून उघडणारा ट्रॅक त्यात बसवणं अवघड. शिवाय संघटित शर्यत आणि वेगचाचणी हा बचाव कलम १५० मध्ये विमा कंपनीला दिलेलाच आहे. म्हणून सकाळी जो जोखीमपत्राचा (धोका माझा मी पत्करतो, अशा कबुलीचा) कागद पुढे करतात तो चहा पिता पिता सही करू नका. ट्रॅकच्या बॅरियरचं नुकसान कोण भरणार हेही बहुधा त्याच कागदात असतं.

आयोजकाला विचारा, सहभागींसाठी गट अपघात विमा काढलाय का. 'हो' म्हणाला तर पॉलिसीची प्रत मागा, माहितीपत्रक नको. एफएमएससीआयचा (देशातल्या मोटारस्पोर्टच्या महासंघाचा) स्पर्धा परवाना आणि त्यामागचं संरक्षण हा शर्यतींचा मामला आहे. तो परवाना खिशात आहे म्हणून ट्रॅक डेलाही चालेल असं गृहीत धरू नका.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा चांगली योजना आहे. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण ती ठरावीक उपचारांना आणि पॅनेलवरच्या इस्पितळांत, आणि ट्रॅकवरची रुग्णवाहिका पॅनेल बघून थांबत नाही. तुमच्या आरोग्य विम्याची कॅशलेस इस्पितळं ट्रॅकजवळ कुठली, ते निघण्याआधी बघा आणि ट्रॅकच्या डॉक्टरला सांगून ठेवा. आरोग्य विमा नसलेला कोणी वाचत असेल तर त्याच्यासाठी, सुरुवातीची ३० दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागत नाही.

कंपनीला ईमेलवर असं विचारा: "मी हौशी चालक आहे, मोबदला घेत नाही. बंदिस्त ट्रॅकवर, वेळ न मोजता, प्रशिक्षण सत्रात अपघात झाल्यास रुग्णालयाचा खर्च ग्राह्य आहे का?" उत्तर फोनवर आलं तर परत ईमेल करा.

नाकारलंच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी). गोवा मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं.

डिचोलीचा_दादा

मी लोकपालाची धमकी सभ्य भाषेत दिली होती. पाचव्या आठवड्यात. सातव्यात पैसे. योगायोग असेल.

फोंडेकर३१०

अपडेट. नवव्या दिवशी ईमेल आला. आरोग्य विमा कंपनी म्हणते, व्यावसायिक सहभाग नसल्यास अटींच्या अधीन राहून ग्राह्य. मोटारवाल्यांनी एका ओळीत 'नाही' कळवलं. चला, निदान स्पष्ट.

बायकोला दोन्ही प्रिंट दाखवले. तिने दुसरा आधी वाचला. ठरलं असं की आरआर ३१० घरीच राहील. ट्रॅकवरच्या रायडिंग शाळेची गाडी घेणार, पाडली तर भरायच्या रकमेची कमाल मर्यादा लेखी मागितली आहे आणि तेवढे पैसे बाजूला काढूनच निघणार. आयोजकाचा गट विमा आहे, पण प्रत अजून आलेली नाही. येईपर्यंत पैसे भरत नाही.

आता एकच अडचण. लेदर सूट ४२ चा कोणाकडे आहे का दोन दिवसांपुरता?

डिचोलीचा_दादा

माझा आहे, येऊन घेऊन जा. डाव्या खांद्याला घासलाय, तेवढं चालवून घे.