दिव्याखाली चमकलं नाही म्हणून बुरशी नाही, असं नसतं

मुलाच्या डोक्यावर केस गेलेला चट्टा वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली चमकला नाही, म्हणजे बुरशी नाही, ही चाईच (बुरशीशिवाय चट्ट्याचट्ट्याने केस गळणं) असणार, असं काही जण म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. त्या दिव्याखाली हिरवट चमकतात ते मुख्यतः मायक्रोस्पोरम जातीच्या बुरशीने धरलेले केस. मांजराकडून येणारी बुरशी यातलीच. आपल्याकडे मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम सापडते. ती केसाच्या आत वाढते आणि चमकत नाही. चाईत त्वचा गुळगुळीत असते. बुरशीत मात्र कोंड्यासारखे पापुद्रे आणि मुळाशीच तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसतात. मानेमागे गाठीही लागू शकतात.

माझ्या लेकीच्या वेळी आम्ही आधी दीड महिना कोंड्याचा शाम्पू लावण्यात घालवला. ती पाच वर्षांची, तपासणीसाठी चट्टा खरवडायला हातच लावू देईना. मग डॉक्टरांनी नवा कोरा मऊ टूथब्रश चट्ट्यावर हलकेच घासून नमुना घेतला, रडारड न होता! (हे करता येतं हे आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं.) केओएच तपासणीत (नमुन्यावर रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात) त्याच दिवशी बुरशी दिसली, कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखायला) मात्र तीन-चार आठवडे लागले. नमुना देण्याआधी बुरशीचं मलम लावू नका, तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि नुसतं मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून औषध लागतंच. घरातल्या बाकीच्या मुलांची डोकीही दाखवून घ्या.