मदत हवी आहे: आईचं वजन उतरवायचंय, पण स्नायू न गमावता

आई ७१ वर्षांची, वजन ७८ किलो. पोट सुटलंय, हातपाय मात्र बारीक झालेत. हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला खुर्चीतून उठवत नाही. डॉक्टर म्हणाले, सार्कोपेनिक ओबेसिटी आहे: स्नायू घटलेले आणि चरबी वाढलेली, दोन्ही एकदम. स्नायूंची जागा चरबीने घेतली तरी वजनकाटा तोच आकडा दाखवतो, त्यामुळे हे पटकन कळतही नाही.

जो तो सांगतो, "जेवण कमी करा." मला त्याचीच धास्ती वाटते. नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात ते परत मिळवणं फार अवघड. उद्या ती पडली तर?

वयस्कर माणसाला रोज दर किलो वजनामागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. हा हिशोब आजच्या ७८ किलोवर करायचा, की तिच्या उंचीला योग्य अशा वजनावर? बराच फरक पडतो. मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आहेत. पण सकाळी तिला भूकच नसते. मग प्रथिनं दिवसभरात विभागून कशी द्यायची?

चालायला ती जाते. ताकदीचे व्यायामही हवेत, पण गुडघे दुखतात. बसून करायचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम कुणाच्या घरी ज्येष्ठांनी केलेत का? सुरुवात कशी केलीत?

आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट, दोघांकडे जाणारच आहोत. तिथे काय काय विचारून घ्यावं, तेही कृपया सांगा.