ड्रेकची विहीर जपायची, तर बाकीच्या लाखभर विहिरींचं काय?

ह्यूस्टनकर

पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला जाऊन आलो. अमेरिकेत तेलाच्या धंद्याची सुरुवात करून देणाऱ्या एडविन ड्रेकला २७ ऑगस्ट १८५९ला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं, ती ही जागा. लाकडी मनोरा आणि इंजिनघर मात्र नंतर बांधलेली नक्कल. मूळचं सगळं त्याच ऑक्टोबरात जळालं. ड्रिलिंग करणारा अंकल बिली स्मिथ दिवा घेऊन तेल बघायला गेला आणि भडका उडाला. (ड्रेकला सगळे 'कर्नल' म्हणतात. गडी सैन्यात कधीच नव्हता. गावात वजन पडावं म्हणून कंपनीने पत्रांवर तसं लिहायला सुरुवात केली.)

त्याची खरी कामगिरी वेगळीच. वरची माती ढासळून भोक बुजायचं, म्हणून त्याने लोखंडी पाइप खडकापर्यंत ठोकत नेला आणि पाइपातून खाली खडक फोडला. पेटंट घेतलं नाही. पुढे इतका कफल्लक झाला की १८७३मध्ये राज्याने वर्षाला दीड हजार डॉलर लावून दिले.

विहिरीपाशी म्युझियम आहे, ते राज्य सरकारचं आहे आणि तसंच राहावं असं माझं मत. कंपन्या एकमेकींत विलीन होतात तेव्हा जुने कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. दोराला जड छिन्नी बांधून आपटत विहीर कशी खणायचे, हे हाताने करून दाखवणारे तर आता शोधावेच लागतात. जनतेच्या पैशातून हे जपावं का?

गोदाकाठ

अजिबात नको. एवढा नफा कमावलेल्या धंद्याची कौतुकं करदात्यांनी का सांभाळायची? टेक्सासच्या स्पिंडलटॉपची गोष्ट घ्या. १० जानेवारी १९०१ला तेलाचा फवारा उडाला, नऊ दिवस आवरला नाही, रोज अंदाजे लाखभर पिंपं. जो तो हे छाती फुगवून सांगतो. नऊ दिवस तेल रानात वाहिलं, याचं कौतुक कसलं?

आणि ओक्लाहोमातले मूळनिवासी ओसेज? जमिनीखालचं तेल जमातीच्या मालकीचं, प्रत्येकाचा त्यात वाटा. तो हडपण्यासाठी १९२०च्या दशकात माणसं मारली गेली. त्या चकचकीत इंजिनांच्या शेजारी हे सांगतात का?

भूगर्भ

कौतुक बाजूला ठेवा हो. मला कागद हवेत. पेनसिल्व्हेनियात १८५९पासून विहिरी खणल्या, पण परवान्याची सक्ती १९५०च्या दशकातली. आधीच्या किती कोरड्या पडून तशाच सोडल्या त्याचा हिशोब नाही. बेवारस विहिरींचा अंदाज लाखांत जातो. त्यांतून मिथेन झिरपतो, कधी कोणाच्या तळघरात, कधी पिण्याच्या पाण्यात.

शोधायला हेलिकॉप्टरला चुंबकीय उपकरण लावून फिरतात, जमिनीतला लोखंडी पाइप त्यात दिसतो. पण दुसऱ्या महायुद्धात पोलादाच्या टंचाईमुळे पुष्कळ पाइप उपसून भंगारात दिले. भोक तिथेच, खूण गायब. मग उरतात जुने नकाशे आणि जुने फोटो. कंपनीच्या पेटाऱ्यातला तो पिवळा कागद टाकलात, की विहीर सापडते ती घराचा पाया खणताना.

गोदाकाठ

नकाशे स्कॅन करा, माझी हरकत नाही. त्यासाठी मनोरा उभारून वाफेचं इंजिन फुकफुक करत दाखवायची काय गरज?

काजळी

गरज आहे. नकाशात न्यू लंडन येत नाही. तेलाने गब्बर झालेल्या पूर्व टेक्सासातलं गाव. शाळेने बिल वाचवायला तेलक्षेत्रातल्या फुकट गॅसच्या लाइनला जोडणी घेतली. गॅसला वास नव्हता. १८ मार्च १९३७ला शाळा उडाली, जवळजवळ तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं केलं. आपल्या सिलिंडरच्या गळतीचा वास येतो तोही अशाच रसायनाचा. शाळेसमोर छोटं म्युझियम आहे. ते बंद करायचं का, गोदाकाठ?

गोदाकाठ

नाही. पण ती गावाची आठवण आहे, उद्योगाची जाहिरात नव्हे. तुम्ही दोन्ही एका टोपलीत घालताय.

पायवाट

माझं मत पिटहोल. टायटसव्हिलजवळच. १८६५मध्ये काही महिन्यांत पंधरा-वीस हजारांची वस्ती, हॉटेलं, नाटकगृह. तेल आटलं, आगी लागल्या, लोक निघून गेले. १८७८मध्ये जागा ४ डॉलर ३७ सेंटला विकली गेली! आज तिथे नुसतं गवत; रस्ते होते तिथलं तेवढं कापून ठेवतात. नकली मनोऱ्यापेक्षा मला हे शंभर पट पटतं. खर्चही कमी.

ह्यूस्टनकर

पिटहोलला माझाही सलाम, पण तळघर-खड्डे पाहून तेलव्यापारी व्हॅन सिकलची पाइपलाइन कळत नाही. पिटहोलहून पाच मैलांवरच्या रेल्वेपर्यंत दोन इंची पाइप, १८६५. पिंपं वाहणाऱ्या गाडीवानांचा धंदा बुडाला, त्यांनी पाइप उखडले. तो पाइप हातात घेऊन बघा, मग बोलू.

गोदाकाठ, तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदारही याच मातीतला. पत्रकार आयडा टार्बेल इथेच वाढली, वडील तेलाच्या लाकडी टाक्या बनवायचे. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीची लबाडी तिने कोर्टाची कागदपत्रं चाळून उघडी पाडली. १९११मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचे ३४ तुकडे केले. तिचे कागद मीडव्हिलच्या अ‍ॅलेघेनी कॉलेजात जपलेत. जपले नसते तर रॉकफेलरविरुद्ध आज कशाच्या जोरावर बोलला असता?

गोदाकाठ

टार्बेल मान्य. तरी पैसे कंपन्यांनी द्यावेत आणि भिंतीवर काय लिहायचं ते इतिहासकारांनी ठरवावं. विहिरी बुजवायचा खर्चही कंपन्यांच्याच माथी. २०२१च्या कायद्याने बेवारस विहिरींसाठी ४७० कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून काढले, ते का?

भूगर्भ

कारण ज्यांनी खणल्या त्यांतल्या कित्येक कंपन्या एकोणिसाव्या शतकातच बुडाल्या. बिल कोणाच्या पत्त्यावर पाठवू? पत्ता सापडलाच तर तोही जुन्या कागदातच सापडेल.