मदत हवी आहे: अ‍ॅनिमेच्या लिंक दिल्या म्हणून नोटीस आली आहे

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं मी अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी कार्टून मालिकांवर, मराठी साइट चालवतोय. सुरुवात भाच्यामुळे झाली. इंग्रजी सबटायटल्स वाचेपर्यंत त्याचा सीन निघून जायचा, म्हणून प्रत्येक भागाची गोष्ट मी मराठीत लिहून ठेवू लागलो. पुढे इतर मुलंही वाचू लागली. "दादा, हा भाग बघायचा कुठे?" असं त्यांनी विचारलं आणि मी लेखाखाली लिंक द्यायला लागलो. काही पानांवर प्लेअरच एम्बेड केलाय, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्याच्या सर्व्हरवर, पण चालतो माझ्या पानावर. नऊ भाग मात्र मी स्वतः मराठी सबटायटल्स घालून माझ्या होस्टिंगवर चढवलेत. एकेका भागाला दोन-तीन रात्री लागल्यात.

सोमवारी होस्टिंग कंपनीची मेल आली. हक्कधारकाच्या वतीनं तक्रार आहे: ४८ तासांत काढा किंवा प्रति-नोटीस द्या, नाहीतर खातं बंद. तक्रारीत ते नऊ भाग आहेत आणि एम्बेडची चौदा पानंही.

नुसती लिंक देणं हाही गुन्हा आहे का? "हा व्हिडिओ आमच्या सर्व्हरवर नाही" अशी ओळ मी तळाशी टाकली आहे, तिचा काही उपयोग? जाहिरातींतून जेमतेम सर्व्हरचं बिल निघतं, तेही धंद्यात धरतात का? कृपया लवकर सांगा, लेख गेले तर तीन वर्षांचं काम जाईल.

प्रतिसाद:

मी वकील नाही, प्रकाशन व्यवसायात हक्कांचं काम बघते. नऊ भाग आजच काढा. जपान आणि भारत दोन्ही बर्न करारात (एकमेकांकडच्या कलाकृतींचे हक्क जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहेत, त्यामुळे जपानी मालिकेला इथे आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळतं. सबटायटल्सची मेहनत तुमची, पण संवादांच्या भाषांतराचा हक्कही मूळ मालकाकडेच असतो. प्रति-नोटीस अजिबात देऊ नका. ती "तक्रार चुकीची आहे" असं जबाबदारीनं सांगायला असते, आणि इथे ती चुकीची नाही.

लिंकचं थोडं सविस्तर सांगते. आपल्या कायद्यात कलम ५२(१)(क) लिंक पुरवण्याच्या ओघात होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीला सवलत देतं. तक्रार आली की ३६ तासांत त्या प्रतीकडे जाणारी वाट बंद करायची, २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येते. पण प्रत चोरीची आहे हे माहीत असेल तर ही सवलत मिळत नाही. तुम्ही प्रत्येक लिंक स्वतः शोधून लावली आहे, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणणं टिकणार नाही. तळाची ओळ इथे काही वाचवत नाही.

जपाननं तर १ ऑक्टोबर २०२० पासून चोरीच्या प्रतींकडे नेणाऱ्या लिंकांच्या साइट थेट कायद्याच्या कक्षेत आणल्या. तिथे साइट चालवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. युरोपियन न्यायालयानं २०१६ च्या जीएस मीडिया खटल्यात म्हटलं की नफ्यासाठी लिंक देणाऱ्याला ती प्रत बेकायदा असल्याचं माहीत होतं असंच गृहीत धरायचं, नव्हतं हे त्यानं दाखवावं. आपल्याकडे कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, म्हणून त्या पानांवरच्या जाहिराती आधी काढा.

हे घाबरवायला सांगत नाहीये. तुमच्या लेखांवर तक्रार नाही, तुमच्या शब्दांतली ओळख आणि समीक्षा कायद्यात बसते. फक्त अख्खी गोष्ट संवादांसकट उतरवली असेल तिथे हात आखडता घ्या. बघायला कुठे पाठवायचं हा प्रश्न असेल तर म्यूज इंडिया आणि ॲनी-वन यांच्या यूट्यूब चॅनेलवर परवान्यानं घेतलेल्या मालिका फुकट असतात. त्यांचा एम्बेड चालू असेल तर तो बिनधास्त लावा.

दुसरा प्रतिसाद:

काहीही काढण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या! खातं गोठलं की लेखही हाती लागत नाहीत. मेलला लेखी उत्तर द्या, काय काढलं त्या पानांचे पत्ते लिहा.

धागाकर्ता:

ताई, दादा, मनापासून आभार. बॅकअप झाला. नऊ भाग आणि चौदा एम्बेड काढून कंपनीला कळवलंय. उरलेल्या लिंक आज रात्री तपासतो. माझ्या मराठी सबटायटल्सच्या फाइल्स कुठे चढवणार नाही, पण परवानाधारक कंपनीला नमुना म्हणून पाठवता येतील का? ताई, त्यांना पत्र कसं लिहायचं ते सांगाल का?